निमिषाचे चित्रण

१९९३ सालच्या सप्टेंबरची ती ३० तारीख. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तिच्या भोवतालची खेडी रात्री उशिरा निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूमी हादरली, आणि मिनिटभराच्या आत हजारो माणसे स्वतःच्याच घराच्या दगडांखाली गाडली गेली. भिंत प्रथम कोठे फुगली, कोपरा आधी सुटला की माथा आधी ढळला, हे पाहणारा डोळा त्या काळोखात कोठून असणार? भूकंपाच्या केंद्राजवळ जोराच्या हादऱ्याची नोंद घेणारे यंत्रही नव्हते. पुढे स्थापत्यशास्त्रज्ञ आले ते ढिगारे पाहावयास. आणि शेवटच्या पानावरून गोष्टीचा आरंभ ताडावा, त्याप्रमाणे त्यांना पडलेल्या दगडांवरून भिंतीची कथा जुळवावी लागली.

ती कथा थोडक्यात अशी. या भागातील जुन्या घरांच्या भिंती चांगल्या जाड असत. परंतु ती जाडी एकसंध नसे. बाहेरचा एक थर, आतला एक थर, आणि दोहोंच्या मध्ये दगडगोटे व माती यांचा भराव. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारा लांब दगड क्वचितच घातलेला असे. वर माळवद, आणि त्यावर पावसाला व उन्हाला अडविण्यासाठी वर्षानुवर्षे चढत गेलेला मातीचा भार. हादऱ्यासरशी दोन थर एकमेकांपासून फुटले, आणि कित्येक घरांत तर लाकडी खांब व तुळया जागच्या जागी उभ्या राहिल्या असता भिंती मात्र भुईसपाट झाल्या. यास्तव दुरुस्तीचे जे उपाय सुचविण्यात आले, त्यांत आरपार दगड, दारांच्या माथ्यावरून घरभर फिरणारा पट्टा आणि माळवदावरील माती कमी करणे यांना मोठे स्थान मिळाले.

आता अशा भिंतीची लहानशी प्रतिकृती करावी, गोट्यांवर ठेवलेल्या फळीवर ती उभारून हलवावी, आणि ती पडत असता टिपावी, हा प्रयोग किल्लारीच्या शाळेतील मुलांनाही सहज करता येण्याजोगा आहे. दगड गावचेच, फळी सुताराकडची. अडते ते कॅमेऱ्यापाशी. संशोधनशाळांत वापरले जाणारे अतिवेगवान कॅमेरे लाखो रुपयांचे असतात, आणि शाळेच्या तिजोरीत लाख तर सोडाच, हजार निघाले तरी मुख्याध्यापकांना ते दोनदा मोजावे लागतात. मग स्वस्तात कोणता कॅमेरा घ्यावा? दुकानात शिरण्यापूर्वी या विद्येचा इतिहास थोडा चाळला, तर निम्मा खर्च तेथेच वाचतो.

१८७८ साली अमेरिकेत पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज याने धावत्या घोड्याची चित्रे घेतली. चौखूर उधळलेल्या घोड्याचे चारही पाय एखाद्या क्षणी भूमीपासून सुटतात की नाही, हा त्याचा प्रश्न. धनिक लेलँड स्टॅनफर्ड पाठीशी असूनही मायब्रिजजवळ वेगवान कॅमेरा नव्हता, कारण तसा कॅमेराच जगात नव्हता. त्याने बारा साधे कॅमेरे एका रांगेत मांडले, घोड्याच्या वाटेवर दोरे ताणले, आणि प्रत्येक दोरा तुटताच एकेक चित्र घेतले गेले. पण खरी युक्ती निराळीच होती : मागे पांढरे कापड आणि धावपट्टीवर चुना! क्षणार्धात चित्र उमटावयाचे तर उजेड पुष्कळ हवा, हे त्याने ओळखले होते. १८८२ साली फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे याने पक्ष्यांच्या उड्डाणासाठी बंदुकीसारखा कॅमेरा केला. तो सेकंदास अवघी बारा चित्रे घेई. मात्र प्रत्येक चित्रासाठी झडप उघडी राही ती सेकंदाचा ७२० वा भाग. चित्रे किती आणि प्रत्येक चित्र किती अल्प काळात घेतले, या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे मारेच्या बंदुकीइतके स्पष्ट कोणी सांगितले नसेल. आणि खरेदी करणारे आजही नेमके तेथेच फसतात.

महाराष्ट्रापुरते पाहावयाचे तर कॅमेऱ्यासाठी पदरमोड करणारे एक ठळक नाव दादासाहेब फाळके यांचे. विम्याच्या पॉलिशा गहाण टाकून ते १९१२ साली विलायतेस गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा त्यांनी पन्नास पौंडांस घेतला. स्वदेशी परतल्यावर राजा हरिश्चंद्राच्याही आधी त्यांनी जो लहानसा चित्रपट घेतला, त्याचा नायक होता कुंडीत पेरलेला वाटाणा! अंतराअंतराने एकेक चित्र घेत त्यांनी रोपाच्या दीर्घ वाढीची मिनिटभराची चित्रफीत सिद्ध केली, आणि तिच्याच जोरावर भांडवल देणाऱ्यांचे मन वळविले. फाळक्यांनी काळ आखडला. किल्लारीच्या प्रयोगात तो ताणावयाचा आहे. परंतु दोहोंतील गणित एकच : घटना किती वेळाची, आणि तिची चित्रे किती हवीत?

ते गणित करून पाहावे. प्रतिकृती खऱ्या भिंतीच्या दहाव्या हिश्शाची, म्हणजे ३० सेंटिमीटर उंच धरली, तर माथ्यावरचा दगड खाली येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. तीन मीटर उंचीच्या खऱ्या भिंतीवरून त्यालाच पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागला असता. सेकंदास ३० चित्रे घेणारा साधा कॅमेरा त्या पाव सेकंदात सात चित्रे देतो. त्यांतून थर केव्हा फुटला हे कळणे अशक्यच. सेकंदास २४० चित्रे घेतली तर सुमारे साठ मिळतात, आणि साठ चित्रे या प्रश्नास पुष्कळ झाली. हजारांची हाव धरण्याचे कारण नाही. २४० चित्रांची सोय तर २०१४ पासून काही मोबाइलांत आलेली आहे. २००८ साली कॅसिओ कंपनीने ईएक्स-एफ१ नावाचा, सामान्य हौशी माणसास घेता येईल असा कॅमेरा काढला, तो सेकंदास १२०० चित्रे घेई. परंतु तेव्हा चित्राची उंची राही केवळ ९६ ठिपक्यांची. अशा चिंचोळ्या पट्टीत भिंत मावणार कशी? वेग वाढला की चित्र आक्रसते, ही अट स्वस्त यंत्रांत बहुधा असतेच. जाहिरातीत ती बारीक अक्षरांत असते.

झडपेचा हिशेबही असाच करावा. तळाशी पोहोचताना तो दगड सेकंदास सुमारे २.४ मीटर वेगाने जात असतो. झडप सेकंदाचा २४० वा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात तो एक सेंटिमीटर सरकतो आणि चित्रात दगडाऐवजी ओरखडा उमटतो. तीच २००० वा भाग ठेविली, तर सरकणे मिलिमीटरभरावर येते. यास्तव झडपेचा काळ हाताने ठरविता येतो की नाही, हे विक्रेत्यास प्रथम विचारावे. उजेडासाठी दिव्यांवर पैसा घालवू नये. आपल्याकडील विजेवर चालणारे पुष्कळसे दिवे सेकंदास शंभर वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्यास ते जाणवत नाही, पण अशा चित्रणात भिंत लुकलुकू लागते. भर दुपारचे ऊन आणि मागे धुवट धोतर, एवढ्याने मायब्रिजचे काम झाले तसे येथेही होईल.

काही मोबाइलांवर ९६० चा आकडा छापलेला असतो. त्यांतील कित्येक चित्रे यंत्राने दोन खऱ्या चित्रांच्या मधोमध कल्पनेने भरलेली असतात. करमणुकीस ती चालतील, प्रयोगात ती खोटी साक्ष होय. जुना मोबाइल उसना वा विकत घेण्यापूर्वी मोजपट्टी उभी धरून तिच्याशेजारी एक गोटी सोडावी. २४० चा आकडा खरा असेल, तर २४ व्या चित्रात ती सुमारे ४.९, ४८ व्यात १९.६ आणि ७२ व्यात ४४.१ सेंटिमीटर खाली आलेली दिसेल. मग मातीचे एक ढेकूळ आपटून पाहावे. फुटत्या कडा एकमेकींत विरघळल्यासारख्या दिसल्या, की मधली चित्रे बनावट समजावीत.

आणखी एक मर्यादा आहे. भिंत दहापट लहान केली तरी मातीची पकड दहापट लहान होत नाही. म्हणून प्रतिकृती मूळ घराहून बळकट वागते. तिच्यावरून खऱ्या घरास निर्भयतेचा दाखला देता येत नाही. दोन प्रतिकृतींची परस्परांशी तुलना मात्र करता येते. एकाच फळीवर, एकाच मातीच्या, शेजारी शेजारी दोन भिंती उभाराव्या. एकीत आरपार दगड घालावे, दुसरीत घालू नयेत. फळीस हिसका द्यावा, आणि सावकाश चित्र पुढे सरकवीत, बाहेरचा थर कितव्या चित्रात सुटला तो आकडा दोन्ही भिंतींसाठी वहीत टिपून ठेवावा.