हातच्याची वजाबाकी

परवा आमच्या अंधेरीच्या घरी नातू टॅबवर गणितं सोडवत होता. हातच्याच्या वजाबाकीत दोनदा चुकला, तर त्या यंत्राने मुकाट्याने सोपी वजाबाकी पुढे केली. "आजोबा, मला काय येत नाही ते त्याला कळतं!" म्हणाला. कळायचं हो मलाही. पण पन्नास-साठ मुलांच्या वर्गात चौथीचा भागाकार शिकवताना मागच्या बाकांवर वजाबाकीच कच्ची आहे हे दिसत असूनही मी पुढे गेलो. अभ्यासक्रम पुरा करायचा होता ना!

तर मंडळी, मुलाला जिथवर येतं तिथून सुरुवात करायची, ही कल्पना टॅबबरोबर आलेली नाही. १९९०च्या दशकात माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी मुंबईत 'प्रथम' सुरू केली. तिची 'बालसखी' म्हणजे वस्तीतलीच थोडीफार शिकलेली मुलगी. तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५-२० मुलं घेऊन ती शाळेच्या वेळातच रोज दोन तास बसायची. अंकओळख, बेरीज, अक्षरं. बस्स!

२००१ पासून मुंबई आणि बडोद्यात याची रीतसर परीक्षा झाली. अभिजित बॅनर्जी (जन्म मुंबईचा, आई निर्मलाताई माहेरच्या पाटणकर!), एस्थर डुफ्लो आणि त्यांचे दोन सहकारी. कुठल्या शाळेत तिसरीला बालसखी द्यायची आणि कुठल्या शाळेत चौथीला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. म्हणजे तुलना खरी. मुलं सुधारली.

संगणकाचा प्रयोग मात्र बडोद्याचा. गुजरात सरकारने २००० साली तिथल्या १०० पालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. बहुतेक न वापरताच पडून होते. (आपल्याकडे वस्तू येते, माणूस येत नाही.) 'प्रथम'ने २००२ पासून त्यांतल्या काही शाळांत चौथीची मुलं त्यांच्यापुढे बसवली. एका संगणकावर दोघं, आठवड्याला दोन तास, आणि येईल तशी अवघड होत जाणारी गणिताची कोडी. दुसऱ्या वर्षाअखेरचा फरक एवढा, की शंभरांच्या रांगेत मधोमध असलेलं मूल गणितात साधारण अडुसष्टावं व्हावं.

हे सगळं २००७ साली छापून आलं. पण त्याच लेखात आणखी दोन गोष्टी होत्या, त्या कुणी फारशा सांगत नाही. संगणकाचा खर्च मुलामागे वर्षाला सुमारे १५ डॉलर, बालसखीचा सव्वादोन. आणि कार्यक्रम थांबून वर्ष झाल्यावर दोन्हीकडची बरीचशी कमाई ओसरली होती.

पुढे २०१५ साली दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर 'माइंडस्पार्क'ची अशीच चाचणी झाली, तीही यशस्वी. २०१९ला बॅनर्जी-डुफ्लोंना नोबेल मिळालं. आता शाळाशाळांत टॅब वाटायच्या घोषणा ऐकल्या की मला बडोद्याचे ते पडून राहिलेले संगणक आठवतात, आणि बालसखीची आठवण कुणी काढत नाही याचं वाईट वाटतं.

असो. नातवाला मी कागदावर ४०३ वजा १७८ घातलं. शून्यापाशी अडला. मग काडेपेटीतल्या काड्या काढल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधले, आणि जेवणं तासभर लांबली.