विंडोज १० मधील सक्तीची अद्यतने

सक्तीचे अद्यतन म्हणजे संगणकाच्या मालकाने मागणी केलेली नसताना संचालन प्रणालीच्या उत्पादकाने परस्पर उतरवलेला आणि बसवलेला बदल. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २९ जुलै २०१५ रोजी प्रसृत केलेल्या विंडोज १० या संचालन प्रणालीमुळे हा विषय सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचला. त्यापूर्वीच्या विंडोज आवृत्त्यांत अद्यतने आपोआप बसवावीत, विचारून बसवावीत की मुळीच बसवू नयेत, हे वापरकर्ता स्वतः ठरवू शकत असे. विंडोज १०च्या घरगुती, म्हणजे 'होम' आवृत्तीतून ही निवड काढून टाकण्यात आली. व्यावसायिक 'प्रो' आवृत्तीत अद्यतन काही काळ लांबवण्याची सोय ठेवली गेली. कायमचा नकार मात्र तिथेही सहजासहजी देता येत नाही.

अवेळी रीस्टार्ट होऊन जतन न केलेले काम जाणे, मर्यादित इंटरनेट जोडणीवरचा डेटा संपणे, मुद्रक किंवा अन्य उपकरण बंद पडणे आणि क्वचित संगणकच सुरू न होणे, या अशा अद्यतनांविषयीच्या नेहमीच्या तक्रारी आहेत.

पार्श्वभूमी

मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २००३ पासून सुरक्षा अद्यतने प्रत्येक महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी एकत्र देण्यास सुरुवात केली. ती अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सकाळी १० वाजता खुली होतात. भारतात त्या वेळी मंगळवारच्या रात्रीचे साडेदहा किंवा, हिवाळ्यात, साडेअकरा वाजलेले असतात. त्यामुळे 'काल चालणारा संगणक आज का चालत नाही' हा प्रश्न इथे महिन्यातल्या एखाद्या बुधवारी सकाळी उपस्थित होतो.

अद्यतने ऐच्छिक असताना असंख्य संगणकांवर ती बसवलीच जात नसत. याचे परिणाम मे २०१७ मध्ये दिसले. विंडोजमधील एका त्रुटीवरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजी उपलब्ध झाली होती. तरीही १२ मे रोजी त्याच त्रुटीतून शिरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रोग्रामने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांवरील फायली कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. बाधितांपैकी बहुतेक संगणक विंडोज ७ चालवणारे आणि दुरुस्ती न बसवलेले होते. सक्तीच्या समर्थनार्थ आजही हेच उदाहरण दिले जाते, आणि ते खोडून काढणे अवघड आहे.

विंडोज १० वर नेण्याची मोहीम

सक्तीविषयीचा रोष प्रत्यक्षात विंडोज १० बसवण्याआधीच सुरू झाला होता. विंडोज ७ व ८.१च्या वापरकर्त्यांना नवी प्रणाली एक वर्ष विनामूल्य देऊ करण्यात आली. त्यासाठीची सूचना दाखवणारा प्रोग्राम 'केबी ३०३५५८३' या क्रमांकाच्या अद्यतनाबरोबर संगणकांत उतरला. फेब्रुवारी २०१६ मध्ये या श्रेणीवाढीला 'शिफारस केलेले अद्यतन' असा दर्जा मिळाल्याने ज्यांनी अशी अद्यतने आपोआप स्वीकारण्याचे ठरवले होते त्यांच्याकडे ती प्रक्रिया आपसूक सुरू होऊ लागली. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका दूरचित्रवाणी वाहिनीवर हवामानवृत्ताच्या थेट प्रक्षेपणातच नकाशावर ही सूचना झळकली.

मे २०१६ मध्ये सूचनेच्या चौकटीचा अर्थच बदलला. कोपऱ्यातील लाल फुलीवर टिचकी मारली की खिडकी बंद होते, म्हणजे नकार, ही संगणक वापरणाऱ्यांच्या बोटांना वर्षानुवर्षे पडलेली सवय होती. नव्या चौकटीत श्रेणीवाढीची वेळ आधीच ठरवलेली असे आणि फुली दाबणे म्हणजे त्या वेळेला संमती मानली जाई. टीकेनंतर जूनअखेरीस कंपनीने प्रस्ताव नाकारण्याचे स्वतंत्र बटण दिले. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील एका प्रवास व्यावसायिक महिलेचा दावा चर्चेत आला. विनापरवानगी सुरू झालेली श्रेणीवाढ फसल्यामुळे कामाचा संगणक निकामी झाला, अशी तिची तक्रार होती. न्यायालयाने तिला १०,००० डॉलर भरपाई मंजूर केली आणि मायक्रोसॉफ्टने चूक मान्य न करता अपील मागे घेतले. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याच्या ग्राहक केंद्राने या डाऊनलोडविरुद्ध केलेल्या कारवाईनंतर, २०१७ मध्ये, कंपनीने संमतीविना अशा फायली न उतरवण्याची हमी दिली.

ऑक्टोबर २०१८चे अद्यतन

विंडोज १० मध्ये मासिक अद्यतने संचयी असतात. त्यांतली एक दुरुस्ती घ्यावी आणि दुसरी टाळावी असे करता येत नाही. याशिवाय ठरावीक काळाने संपूर्ण प्रणालीची जागा घेणारी मोठी 'फीचर' अद्यतने येत असत. गंभीर अपघात प्रामुख्याने या दुसऱ्या प्रकारात झाले.

२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसृत झालेल्या १८०९ क्रमांकाच्या आवृत्तीने काही वापरकर्त्यांच्या 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स' यांसारख्या फोल्डरांतील फायली नष्ट केल्या. ज्यांनी ही फोल्डरे दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली होती पण काही फायली जुन्या जागीच राहू दिल्या होत्या, त्यांची जुनी फोल्डरे अद्यतनाने रिकामी समजून पुसून टाकली. चार दिवसांच्या आत वितरण थांबवण्यात आले व १३ नोव्हेंबरला दुरुस्त आवृत्ती पुन्हा देण्यात आली. तक्रारींचे प्रमाण दहा हजारांत एक इतकेच होते, असे कंपनीने सांगितले. परंतु पूर्वचाचणी करणाऱ्या स्वयंसेवकांपैकी काहींनी हीच अडचण काही महिने आधी कळवली होती. पुरेशी मते न मिळाल्याने ती नोंद मागे पडली. त्यानंतर प्रतिक्रियांत अडचणीची तीव्रता नोंदवण्याची सोय करण्यात आली.

या प्रकरणातील एक बाब सहसा दुर्लक्षित राहते. फायली गमावलेल्यांवर हे अद्यतन आपोआप आलेले नव्हते, कारण स्वयंचलित वितरण तोवर सुरूच झाले नव्हते. त्यांनी 'चेक फॉर अपडेट्स' हे बटण दाबले होते. बटणाचे नाव 'तपासा' असे असले तरी ते दाबताच मोठे अद्यतन उतरून बसत असे.

नियंत्रणाचे उपाय

२०१६ ते २०१९ या काळात कंपनीने टप्प्याटप्प्याने काही सवलती दिल्या. 'ॲक्टिव्ह अवर्स' या सोयीने संगणक रीस्टार्ट न करण्याचे तास ठरवता येतात. मूळ मांडणीत ते सकाळी ८ ते सायंकाळी ५ असतात आणि कमाल १८ तासांपर्यंत वाढवता येतात. रात्री काम करणाऱ्यांनी, विशेषतः परदेशी कार्यालयांच्या वेळा पाळणाऱ्यांनी, हे तास बदलले नाहीत तर भर कामात रीस्टार्ट होण्याचा धोका राहतो. मे २०१९च्या १९०३ आवृत्तीपासून होम आवृत्तीतही अद्यतने सात-सात दिवसांनी, एकूण ३५ दिवसांपर्यंत स्थगित करता येतात. मोठ्या अद्यतनासाठी वेगळे बटण आले आणि चालू आवृत्तीचे आयुष्य संपत येईपर्यंत ते आपोआप न बसवण्याचे धोरण स्वीकारले गेले.

मासिक अद्यतन प्रसृत झाल्यावर आठ-दहा दिवस स्थगिती ठेवून नंतर ते बसवणे हा मधला मार्ग व्यवहारात सर्वाधिक उपयोगी ठरला आहे. ढोबळ दोष बहुधा याच काळात उघड होतात. मार्च २०२१ मध्ये ९ तारखेच्या अद्यतनानंतर काही कंपन्यांच्या मुद्रकांवर छपाईची आज्ञा देताच संगणक निळ्या पडद्यावर थांबत असे. त्यावरील दुरुस्ती आठवडाभरात आली. ज्यांनी स्थगिती ठेवली होती त्यांना हा प्रकार कळलाही नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा दैनिक मर्यादेच्या डेटावर चालणाऱ्या संगणकासाठी ती जोडणी 'मीटर्ड', म्हणजे मोजणीची, असल्याचे नोंदवणे महत्त्वाचे असते. असे केल्यावर काही अत्यावश्यक बाबी वगळता अद्यतने आपोआप उतरत नाहीत. भारतातील अनेक मोबाइल योजनांत दिवसाला एक-दोन जीबी डेटा मिळतो आणि एक मोठे अद्यतन त्याहून अधिक असू शकते, त्यामुळे हा पर्याय इथे विशेष कामाचा आहे. उतरलेली अद्यतने इंटरनेटवरील इतर संगणकांना पुरवणारी 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' ही सोयही अशा जोडणीवर बंद ठेवणे इष्ट असते.

प्रो आवृत्तीत 'ग्रुप पॉलिसी'च्या संपादकातून उतरवण्यापूर्वी विचारणा करण्याचा, तसेच विशिष्ट आवृत्तीवर थांबून राहण्याचा पर्याय निवडता येतो. अद्यतन सेवाच बंद करून टाकण्याचा उपाय पुष्कळदा सुचवला जातो, पण 'अपडेट मेडिक' नावाची दुसरी सेवा तिला पुन्हा सुरू करते. ती रोखण्यासाठी अनोळखी प्रोग्राम उतरवून घेणे हे मूळ अडचणीपेक्षा धोक्याचे आहे.

महाराष्ट्रातील छापखाने, साप्ताहिके आणि अक्षरजुळणी करणाऱ्या व्यावसायिकांपुढील अडचण निराळी आहे. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी' आणि सी-डॅकची 'आयएसएम' यांसारख्या प्रणालींच्या जुन्या आवृत्त्या, त्यांचे युनिकोडपूर्व टंक व हार्डवेअर लॉक यांवर वर्षानुवर्षांचा मजकूर अवलंबून असतो. संचालन प्रणाली बदलली की लॉकचा ड्रायव्हर चालेलच अशी खात्री नसते. असा संगणक इंटरनेटपासून पूर्णपणे तोडून केवळ त्याच कामासाठी राखणे आणि मजकूर सवडीने युनिकोडमध्ये आणणे, हाच यावरील टिकाऊ उपाय आहे. जाळ्याला जोडलेला संगणक अद्यतनाविना ठेवणे हा त्याला पर्याय नव्हे.

अद्यतनानंतर बिघाड झाल्यास

अद्यतन चालू असताना टक्केवारी एकाच आकड्यावर तासभर थांबली तरी संगणक बंद करण्याची घाई करू नये. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर इतका वेळ लागणे अनैसर्गिक नाही. डिस्कवर पुरेशी मोकळी जागा नसणे हे अद्यतन अडकण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

संगणक सुरूच होत नसेल तर सुरू होण्याची प्रक्रिया लागोपाठ दोन-तीनदा अपुरी राहिल्यावर विंडोज स्वतः दुरुस्तीचा पडदा दाखवते. तिथून शेवटचे मासिक किंवा मोठे अद्यतन काढून टाकता येते, 'सेफ मोड'मध्ये जाता येते, अथवा आधी नोंदवलेल्या स्थितीवर परतता येते. स्थिती नोंदवणारी 'सिस्टिम रिस्टोअर' सोय अनेक संगणकांवर बंद असते, आणि हे बहुधा ती लागते त्याच दिवशी लक्षात येते. मोठे अद्यतन बसल्यावर जुनी प्रणाली 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरात राहते. सुरुवातीला तिच्याकडे ३० दिवसांपर्यंत परतता येई. २०१६ पासून ही मुदत १० दिवसांवर आणली गेली. केवळ मुद्रक, ध्वनी किंवा पडद्याचा चालक बिघडला असेल तर संपूर्ण अद्यतन न काढता 'डिव्हाइस मॅनेजर'मधून मागील ड्रायव्हरवर जाणे पुरते.

डिस्क 'बिटलॉकर'ने कूटबद्ध असल्यास दुरुस्तीपूर्वी ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते. जुलै २०२४च्या मासिक अद्यतनानंतर काही संगणकांनी ही किल्ली अकस्मात मागितली. ती सहसा वापरकर्त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. अनेकांना आपली डिस्क कूटबद्ध आहे हेच ठाऊक नसते. किल्ली हरवल्यास डिस्कवरील माहिती परत मिळत नाही. म्हणून किल्ली कागदावर उतरवून ठेवणे आणि महत्त्वाच्या फायलींची प्रत संगणकाला कायम न जोडलेल्या डिस्कवर राखणे, ही तयारी बाकी सर्व उपायांच्या आधी येते.

अद्यतनाच्या मार्गातील धोका

वॉनाक्रायनंतर सहाच आठवड्यांनी, २७ जून २०१७ रोजी पसरलेल्या 'नॉटपेट्या'ने उलट बाजू दाखवली. हा प्रोग्राम युक्रेनमधील 'एमईडॉक' या लेखा प्रणालीच्या अधिकृत अद्यतनातूनच संगणकांत शिरला. त्याचा फटका मर्स्क या जहाज कंपनीला बसला आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले.

१९ जुलै २०२४ रोजीच्या घटनेत कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ वाजता जगभर पाठवली गेली. १०:५७ वाजता ती मागे घेण्यात आली, परंतु तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले होते. हे विंडोजचे अद्यतन नव्हते. मात्र ते ग्राहकांनी ठेवलेली स्थगिती ओलांडून आले होते. भारतीय विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. दुरुस्ती दुरून करणे बहुतेक ठिकाणी शक्य नसल्याने कर्मचाऱ्यांना एकेका संगणकापाशी जाऊन, सेफ मोडमध्ये ती फाइल पुसावी लागली. पुढे कंपनीने अशा फायली केव्हा स्वीकाराव्यात हे ठरवण्याची मुभा ग्राहकांना दिली.

समर्थनाची समाप्ती

विंडोज १०चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११च्या हार्डवेअरविषयक अटी पूर्ण न करणाऱ्या संगणकांच्या मालकांपुढे तेव्हा नेमका उलटा प्रश्न उभा राहिला: अद्यतने बंद होऊ नयेत यासाठी काय करावे. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतने देऊ करण्यात आली. त्यासाठी ३० डॉलर भरणे, कंपनीचे १,००० बक्षीस गुण वापरणे किंवा संगणकाची मांडणी मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवणे, असे पर्याय ठेवण्यात आले.