सायकेडेलिक द्रव्ये : उपचाराची शक्यता आणि भारतीय कायदा

संवेदना, काळाचे भान व स्वत्वाची जाणीव काही तासांपुरती पालटणाऱ्या एलएसडी, सायलोसायबिन, मेस्कलीन आदी द्रव्यांना सायकेडेलिक म्हणतात. १९४३ मध्ये स्वित्झर्लंडचे रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांना एलएसडीचा परिणाम प्रथम जाणवला. पुढील दोन दशकांत मनोविकारांवर त्याचे प्रयोग झाले. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर ते जवळपास थंडावले.

भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली एलएसडी व सायलोसायबिन बाळगणे गुन्हा आहे. एलएसडी ०.१ ग्रॅमहून अधिक सापडल्यास किमान दहा वर्षे सक्तमजुरी होते. मनावर परिणाम करणाऱ्या प्रत्येक पदार्थाला मात्र हा कायदा सारखे लेखत नाही. गांज्याच्या व्याख्येत त्याने फुलोरा घेतला, नुसती पाने वगळली. म्हणून भांगेचा निर्णय राज्यांकडे राहिला. झाशीच्या ओरछा गेटातून ओरछ्याकडे निघालेला प्रवासी उत्तर प्रदेशातून मध्य प्रदेशात जातो. दोन्हीकडे भांग सरकारी परवान्याने विकली जाते. महाराष्ट्रात तीच भांग दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते. ही विभागणी औषधशास्त्रापेक्षा परंपरेने अधिक ठरवलेली दिसते. अर्थात, भांग हा नैराश्यावरील उपचार नव्हे.

संशोधन आता पुन्हा सुरू झाले आहे. इतर औषधांनी न हटणाऱ्या नैराश्याच्या २३३ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सायलोसायबिनच्या २५ मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने तीन आठवड्यांनंतर लक्षणे १ मिलिग्रॅमच्या तुलनेत अधिक उतरली. बारा आठवड्यांपर्यंत मात्र थोड्याच रुग्णांत लाभ टिकला. डोकेदुखी, मळमळ व चक्कर हे त्रासही झाले. मुख्य अडचण निराळीच आहे : खरी मात्रा मिळाल्याचे रुग्णास लगेच कळते, त्यामुळे औषधाचा गुण आणि अपेक्षेचा परिणाम वेगळे काढणे कठीण जाते. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून अधिकृत मनोविकारतज्ज्ञांना सायलोसायबिन व एमडीएमए देण्याची मुभा दिली, तर अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएला मान्यता नाकारली.

भारतीय रुग्णास आज कायदेशीररीत्या मिळू शकणारे यांच्या सर्वांत जवळचे औषध म्हणजे केटामाइन. मुळात ते भूल देण्याचे औषध. २०११ पासून तेही याच कायद्याच्या नियंत्रणाखाली आहे. हट्टी नैराश्यात काही मनोविकारतज्ज्ञ ते रुग्णालयात, रक्तदाबावर लक्ष ठेवून देतात. गुण काही तासांत दिसू शकतो, पण तो बहुधा काही दिवसच टिकतो. स्वतः वा कुटुंबात तीव्र मानसिक आजाराचा इतिहास असल्यास डॉक्टरांना तो आधी सांगणे आवश्यक आहे. मानसिक त्रासासाठी ‘टेली-मानस’ची १४४१६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.