‘अकुशल’ या शब्दाचा हिशेब

संगणकावर नगर वसवण्याच्या काही खेळांत प्रत्येक मजुराच्या नावापुढे अनुभवाची पातळी दाखवतात. तो जितके बांधकाम करील तितकी ती वाढते. या पातळीने खरोखर काही फरक पडतो का, यावर खेळणाऱ्यांत वाद असतात. आपल्या प्रशासनाच्या इतिहासात हाच वाद खऱ्या माणसांच्या पोटावर खेळला गेला आहे, आणि यवतमाळसारख्या जिल्ह्याला तो परका नाही.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर हिंदुस्थान सरकारने १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा तात्पुरता मसुदा काढला. मदतकामावरील मजुरांचे त्यात चार वर्ग कल्पिले होते : पेशाने मातीकाम करणारे, पेशा नसला तरी मजुरीची सवय असणारे, धडधाकट पण सवय नसलेले, आणि हलक्याच कामाला योग्य असे अशक्त. म्हणजे अनुभवाची पातळी सरकारदरबारी लेखी नोंदली जाणार होती. नवख्याकडून कमी काम अपेक्षिणे ही या वर्गवारीतील माणुसकीची बाजू. प्रत्यक्षात १८९६-९७ च्या दुष्काळात हजारोंचे लोंढे आले, तेव्हा कोण कोणत्या वर्गातला हे कारकुनाने ठरवायचे कसे? १८९८ च्या लायल आयोगाने माणसाच्या पूर्वायुष्यावरून नव्हे, तर हातातल्या कामावरून वर्ग करावेत असे सुचवले : खोदणारे आणि वाहणारे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने वऱ्हाड होरपळले (आजचा यवतमाळ तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, नाव बदलले १९०५ मध्ये). त्यानंतरचा १९०१ चा आयोग तर कामाच्या मापाप्रमाणे दाम या तत्त्वाकडेच झुकला. अनुभवाचा रकाना कागदावरून गेला.

कामावरून मात्र तो जाणे शक्य नव्हते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या आपल्या ग्रंथात बेलदार, ओड, वडार, पाथरवट यांना एकाच प्रकरणात बसवले आहे. या जमातींचे ज्ञान कुदळ कोणत्या कोनातून मारावी एवढ्यावर संपत नाही. काळ्या मातीखाली मुरूम किती खोलीवर लागेल, कठीण थर कोठून फोडायला घ्यावा, टोपले किती भरले म्हणजे दिवसभर पाय टिकतील, हे सारे त्यात येते. मापासाठी खड्ड्यात न खोदता राखलेला मातीचा खुंट कोठे ठेवायचा, हीदेखील एक विद्याच. त्याच्या उंचीवरून खोली मोजतात, खोलीवरून घनफळ आणि घनफळावरून मजुरी. उंचवट्यावरचा खुंट आणि सखल जागेवरचा खुंट यांतला फरक अनुभवी माणूस जाणतो. नवख्याला तो मजुरी हातात पडल्यावरही कळत नाही.

१९७२ च्या दुष्काळात राज्याने रोजगार हमी हाती घेतली. कल्पना वि. स. पागे यांची, मुख्यमंत्री होते पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक. पुढे १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हे त्याचे थोरपण निर्विवाद आहे. पण हे काम ‘अकुशल’ होते आणि त्याचे दाम मापाचे. सात तास मन लावून काम करणाऱ्या सरासरी माणसाला किमान मजुरी पडावी, असे दर बांधावयाचे होते. या सरासरी माणसाचे वय काय, त्याने आधी कधी पहार धरली होती का, याविषयी दरपत्रक मौन पाळते. पाझर तलावाच्या बांधावर पिढीजात माती उपसणारी टोळी आणि पीक बुडाल्यामुळे प्रथमच कुदळ हाती घेणारा कोरडवाहू कापूसकरी यांना दर एकच. पहिल्या आठवड्यात त्या कापूसकऱ्याला जी तूट येते ती त्याची स्वतःची. टोळीच्या मापाची वाटणी सारखी असेल तर ती तूट सोबत्यांवर पडते, आणि म्हणूनच चांगल्या टोळ्या म्हातारीकोतारी माणसे सहसा घेत नाहीत. अनुभवाला महत्त्व आहे की नाही, हा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. अननुभवाची किंमत कोण मोजतो, हे विचारले पाहिजे. १८८३ च्या संहितेने, परकी असूनही आणि अपुरी का होईना, ती राज्याच्या खात्यावर धरली होती. मापाच्या न्यायाने ती मजुराच्या खात्यावर आली.

२००६ च्या फेब्रुवारीत केंद्राची योजना देशातल्या ज्या पहिल्या दोनशे जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत यवतमाळ होता. २००५ च्या त्या कायद्याने खर्चाचे साठ आणि चाळीस असे भाग केले होते. साठ टक्के अकुशल मजुरीचे, चाळीस साहित्याचे. गवंड्याची मजुरी त्या चाळिसांत, सिमेंट आणि दगडांच्या बरोबरीने, मांडली जाई. पिढ्यान्‌पिढ्या माती ओळखणाऱ्या वडाराचे नाव मात्र साठांतच राहिले, अकुशलांच्या हजेरीपटावर.