तोरण्याचे ब्रह्मपिशाच
पुणे जिल्ह्यातील वेल्ह्याजवळच्या तोरणा किल्ल्याशी (उंची १,४०३ मी.) जोडलेली लोकसमजूत. गडावरील मेंगाई देवीच्या देवळात मुक्काम करणाऱ्यास ब्रह्मपिशाच छळते, असे भटके एकमेकांना सांगत आले आहेत. वासना अपुरी राहून मेलेल्या ब्राह्मणाचे भूत ते ब्रह्मपिशाच; त्याचा वास एरवी पिंपळावर. होरेस वॉलपोलच्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रँटो’ या इंग्रजी कादंबरीत (१७६४) किल्ल्यातले भूत बळकावलेल्या गादीचा हिशेब मागते, तोरण्यावरच्याला घराण्याशी देणेघेणे नाही, त्याची कुरापत झोपलेल्याशी. बुधला माचीवरचा वारा रात्री घोंगावू लागला की नास्तिकही पांघरूण डोक्यावर ओढतो. औरंगजेबाने १७०४ मध्ये गड जिंकून त्याला ‘फुतुहुल्गैब’ नाव दिले. गंमत अशी, की ‘गैब’ म्हणजे अदृश्य.