खटक्यावरचें बोट

यंत्र आलें कीं हाताचें कसब संपतें, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. ती कितपत खरी आहे हें पाहावयाचें असेल, तर दक्षिण कोंकणांतील गणपतीच्या चित्रशाळेइतकें सोयीचें ठिकाण दुसरें नाहीं.

सावंतवाडीहून बांद्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर इन्सुली हें गांव लागतें. या मुलुखांत गणपति घरोघर बसतो, आणि मूर्ति गांवच्या किंवा शेजारच्या गांवच्या शाळेंत करवून घेण्याची जुनी चाल आहे. घरचा पाट शाळेंत पोंचता होतो. त्याच पाटावर मूर्ति उभी राहते व चतुर्थीला घरीं येते. म्हणजे रंग चढण्यापूर्वींच प्रत्येक मूर्तीचें घर ठरलेलें असतें. पूर्वीं सारें रंगकाम कुंचल्यानें होई. आतां अंगाचा रंग व त्यावरील छटा पुष्कळ ठिकाणीं हवेच्या दाबावर चालणाऱ्या फवाऱ्यानें देतात. डोळ्यांची आखणी मात्र बारीक कुंचल्यानेंच होते. बारीक छटांसाठीं जें हत्यार वापरतात त्याला एअरब्रश म्हणतात.

या हत्याराचा जन्म १८७९ सालीं अमेरिकेंत झाला. आयोवा राज्यांतील अ‍ॅब्नर पीलर यानें तें जलरंगाच्या कामाकरितां बनविलें. हवेच्या झोतानें एक लहान चाक फिरे, चाक सुईला मागेंपुढें हालवी, आणि सुईवरील रंग झोतांत सांपडून कागदावर उडे. लिबर्टी वॉकप यानें तें बाजारांत आणलें. इतकेंच नव्हे, तर इलिनॉय राज्यांतील रॉकफर्ड येथें तें शिकविण्याकरितां शाळाही चालविली. श्रम वांचविण्यासाठीं निघालेल्या हत्यारामागोमाग त्याची शाळा निघावी, ही गोष्ट बोलकी आहे. पुढें १८९३ च्या सुमारास चार्ल्स बर्डिक यानें हवा व रंग हत्याराच्या आंतच मिसळतील अशी रचना केली. आज प्रचारांत असलेला दुहेरी खटका त्याच वंशांतला.

हा खटका खालीं दाबला कीं हवा सुटते. दाबलेलाच ठेवून मागें ओढला कीं सुई मागें सरते व रंग येऊं लागतो. एका बोटाच्या अग्राला दोन दिशांचीं दोन कामें करावयाचीं असतात. नवशिका दोन्ही एकदम करतो, आणि डाग पडतो. म्हणून पहिला धडा रंगाचा नसून हवेचा असतो : नुसता दाबावयाचा, सोडावयाचा. मग दुधाइतका पातळ रंग घेऊन रद्दी कागदावर ठिपके, ठिपक्यांनंतर रेघा. रेघेचा नियम असा कीं हात आधीं चालूं लागावा, रंग मागाहून यावा. आणि हात थांबण्यापूर्वींच रंग बंद व्हावा. हें चुकलें तर रेघेच्या दोन्ही टोकांना गांठी उठतात. हत्यार जवळ धरून रंग अधिक सोडला, तर कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटतात. रंग बंद करण्यापूर्वीं हवा तोडली, तर टोकाशीं थेंब अडकून राहतो व पुढच्या वेळीं तोच उडतो.

शेवटचा धडा छटेचा. जवळून बारीक रेघ व लांबून मऊ पसारा, अशी हत्यार व पृष्ठभाग यांच्यामधील अंतराची जोड बोटाला मिळाली, म्हणजे गालाच्या गोलाईवर किंवा सोंडेच्या वळणावर एक रंग दुसऱ्यांत कोठें विरला हें डोळ्याला सांगतां येत नाहीं. हें बोट एका दिवसांत तयार होत नाहीं. आणि कागदावरचा डाग फेंकून देतां येतो, तसा पाटावरच्या मूर्तीवरचा देतां येत नाहीं. तो पुन्हां रंग चढवून झांकावा लागतो, आणि चतुर्थी कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून शिकाऊ मुलाच्या हातीं प्रथम रद्दी येते, मूर्ति फार मागाहून.

तेव्हां हाताचें कसब यंत्रानें संपविलें, असें म्हणणें पुरतें बरोबर नाहीं. कुंचल्याच्या काळीं जें मनगटांत होतें तें आतां बोटाच्या टोकाशीं आलें. जागा बदलली, उमेदवारी बदलली नाहीं. हवा पंप पुरवितो; ती केव्हां रोखावी हें मात्र माणसालाच शिकावें लागतें.