खपली गहू, न्यायाचं पीस आणि पहिला संप

इथे ब्रिटनमध्ये प्राथमिक शाळेत प्राचीन इजिप्त शिकवतात. त्यामुळे आपल्यापैकी बऱ्याच घरांत कधी ना कधी पुठ्ठ्याचा पिरॅमिड झालेला असतो आणि धाकट्या भावंडाला टॉयलेट पेपर गुंडाळून त्याची ममीही झालेली असते. फॅरो, ममी, मांजरं हे मुलांना पाठ असतं. आज आपण इजिप्तकडे राजाच्या बाजूने नाही, तर राजाची कबर खोदणाऱ्या माणसांच्या बाजूने बघूया.

आजच्या लक्झरसमोर, नाईल नदीच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत देर अल-मदिना नावाचं एक गाव होतं. तटबंदीच्या आत साठ-सत्तर घरं, एकाला एक चिकटलेली. पाथरवट, चित्रकार, लेखनिक असे सगळे इथले. राजांच्या दरीतल्या कबरी कोरायच्या आणि रंगवायच्या, हे त्यांचं पिढीजात काम. गावात विहीर नव्हती; पाणीसुद्धा गाढवांवरून यायचं.

नाणी अजून आलेली नव्हती, त्यामुळे पगार धान्यात मिळे. साध्या कारागिराला महिन्याला सुमारे ३०० लिटर मापाचा गहू आणि सुमारे ११५ लिटर जव. गव्हाची भाकरी, जवाची बिअर. आणि हा गहू कोणता, माहीत आहे? आपल्याकडे खिरीला वापरतात ना, तो खपली! त्याच जातीचा.

हे धान्य यायचं कुठून? पूर ओसरला की शेतं पिकायची, सरकारी लेखनिक कर ठरवायचे आणि धान्य सरकारी व देवळांच्या कोठारांत जमा व्हायचं. फॅरोच्या खालोखाल वजीर, त्याच्या हाताखाली अधिकारी आणि सगळ्यांच्या मागे लेखनिक. नोंदी इतक्या बारीक की कोण कामावर आलं नाही आणि का, हेही लिहिलेलं. दुसऱ्या रामसेसच्या चाळिसाव्या वर्षाचा असा एक दगडी हजेरीपट लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. विंचू चावला, डोळे दुखत होते, बिअर करायची होती, आईच्या देहाला पट्ट्या गुंडाळायच्या होत्या, अशी कारणं त्यात आहेत.

आता त्यांच्या श्रद्धेकडे वळूया. इजिप्तच्या लोकांचा एक शब्द होता, 'मात'. सत्य, न्याय आणि जगाची नीट बसलेली घडी, हे सगळं त्या एका शब्दात येतं. मात ही देवीही होती, डोक्यावर पीस खोवलेली. मेल्यावर माणसाचं काळीज तराजूच्या एका पारड्यात आणि मातचं पीस दुसऱ्या पारड्यात ठेवतात, असं ते मानत. काळीज खोटं ठरलं तर मगरीच्या तोंडाची राक्षसीण ते गिळून टाकी. त्या वेळी 'मी हे पाप केलं नाही' असं एकेक सांगावं लागे. त्यात धान्याच्या मापात खोट केली नाही, हेही असे. आणि जिवंतपणी ही मात सांभाळणं, हे फॅरोचं पहिलं कर्तव्य.

मग तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीचं २९वं वर्ष उजाडलं, म्हणजे इ.स.पूर्व सुमारे ११५७. मोठ्या लढाया होऊन गेल्या होत्या. राजाच्या भव्य देवळाच्या भिंतीवर देवांना द्यायच्या नैवेद्याच्या लांबलचक याद्या कोरलेल्या होत्या. पण कारागिरांचं धान्य थकलं होतं. एके दिवशी त्यांनी हत्यारं खाली ठेवली, चौक्या ओलांडल्या आणि एका राजमंदिरामागे जाऊन बसले. पुढे ते रामेसियम या देवळापर्यंत गेले. आम्ही भुकेने आणि तहानेने इथे आलोय, कपडे नाहीत, तेल नाही, मासे नाहीत, भाजी नाही. राजाला कळवा, वजिराला कळवा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी मागच्या महिन्याचं धान्य मिळालं.

पण पुढचं पुन्हा थकलं आणि ते पुन्हा बाहेर पडले. वजिराचा निरोप आला : कोठारंच रिकामी आहेत, सापडलं तेवढं देतो. मिळालं ते अर्धंच. त्याआधी एकदा मात्र कारागिरांनी सांगितलं होतं की आम्ही केवळ भुकेपायी बाहेर पडलेलो नाही. फॅरोच्या या जागेत अन्याय झाला आहे. ते राजाविरुद्ध उठले नव्हते. राजानेच सांभाळायची असलेली मात त्यांनी राजाच्या माणसांना आठवण करून दिली.

हे सगळं पपायरसवर लिहिलेलं आहे आणि ते इटलीत तुरिनच्या म्युझियममध्ये आहे. लेखी पुरावा असलेला, आज आपल्याला ठाऊक असलेला हा पहिला संप.

तेव्हा पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन ब्रिटिश म्युझियममध्ये गेलात, तर ममीसमोरची गर्दी बघा, पण तो हजेरीपटही शोधा. त्यावर राजाचं स्तोत्र नाही. विंचू चावलेला माणूस आहे, आईला निरोप देणारा मुलगा आहे. सोन्याच्या कबरी अशाच माणसांनी घडवल्या, आणि त्यांचं माप वेळेवर भरलं का, यावरच त्या राज्याचा न्याय तोलला गेला. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!